हाकेला ओ

लेकीने पोपट घरात आणला तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. जीव पिंजऱ्यात कोंडायचा आणि सकाळी देवापुढे हात जोडायचे, हे मला पटणारं नव्हतं. पण तिने तो विकत आणलेला नव्हता. रस्ता रुंद करताना एक जुनं झाड पाडलं, त्याच्या ढोलीतून पडलेलं ते पिल्लू होतं. अंगावर धड पिसंही नव्हती. नर्सिंगच्या वर्गावरून येताना ती त्याला रुमालात गुंडाळून घेऊन आली.

"आई, पंख मोडलाय याचा. याला सोडायचं म्हणजे मांजराच्या पुढ्यात ठेवायचं."

पंख वाकडा बसला तो वाकडाच राहिला. पोपट मात्र जगला. वाटी पुढे केली की मान तिरकी करून आधी वाटीकडे आणि मग आमच्याकडे असा बघायचा, जणू पुरावाच तपासतोय. हे म्हणाले, "वकील आहे हा. फी हातात पडल्याशिवाय तोंड उघडायचा नाही." तेव्हापासून त्याचं नाव वकील पडलं. यांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर भिंग लावून बारीक चाकं बघणाऱ्या माणसाला असली नावं बरी सुचतात.

लेकीने त्याला शिकवायला घेतलं ते अगदी शिस्तीत. सकाळी दाणे घालायच्या आधी, त्याच्या पोटात भूक असताना बसायचं. पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर टांगायचा आणि लक्ष उडू नये म्हणून तीन बाजूंनी चादर सोडायची. शब्द एकच. तोच शब्द, त्याच सुरात, पंधरा मिनिटं. नुसता आवाज काढला तरी सूर्यफुलाचा एक दाणा. तिने "नमस्कार" निवडला होता. दोन महिने ती नमस्कार करत राहिली आणि वकील दाणे खात राहिला.

"पोपटाने तुला शिकवलं बघ," हे म्हणायचे. "तो मान हलवतो आणि तू नमस्कार करतेस."

मग एका सकाळी मी भाजी चिरत होते, तेवढ्यात हाक आली, "आई, आहेस का?"

मी सवयीने म्हटलं, "आहे गं, इथेच आहे." आणि वळून बघते तर लेक अंघोळीला गेलेली. पिंजऱ्यातून वकील माझ्याकडे बघत होता.

ही तिची रोजची हाक होती. घरात शिरताना, न्हाणीतून, गच्चीवरून, काम असो नसो, ती विचारायची, "आई, आहेस का?" आणि मी असेन तिथून ओ द्यायची. ते त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. शिकवलेलं राहिलं बाजूला, त्याने ऐकलेलं उचललं. त्याला ओ मिळाली की तो समाधानाने चोच घासायचा आणि मग दाणे खायला घ्यायचा. ओ मिळाल्याशिवाय वाटीकडे ढुंकूनही बघायचा नाही. लेक हसायची. "आई, याला भूक नंतर, आधी तू."

दोन वर्षांनी तिला परगावच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. निघताना तिने पिंजऱ्याच्या दारात बोट धरलं. वकील बोटावर चढला, तिच्या नखावर चोच टेकवून बसून राहिला. "दोन वर्षांचा करार आहे. तोवर सांभाळ त्याला," एवढंच म्हणाली.

तिची गाडी गेली त्याच दिवशी मी नेम धरला. पहाटे उठल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत मौन. लेक परत येईपर्यंत. माझे नेम तसे पुष्कळ, हे म्हणतात की देवालासुद्धा यादी जवळ ठेवावी लागत असेल. पण हा नेम माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा होता. एकटी मुलगी, परकं गाव, रात्रपाळ्या. तिला सुखरूप ठेव, मी माझा आवाज तुझ्यापाशी ठेवते, असं म्हणून मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "आई, आहेस का?"

मी पिंजऱ्यापाशी गेले, हसले, वाटी भरली. वकिलाने मान तिरकी केली. "आई, आहेस का?" मी बोटाने दांडी वाजवली. त्याने वाटीकडे पाठ फिरवली. दुपारी बोलायला मोकळी झाले तेव्हा मी त्याच्याशी भरपूर बोलले, पण ती त्याची बोलायची वेळ नव्हती. तो डोळे मिटून एका पायावर बसला होता.

लेकीचीही तीच वेळ. पाळी संपली की ती सातला फोन करायची. मी फोन कानाला लावायची, पण बोलायचं कसं? तिनेच तोड काढली. हो असेल तर नखाने एकदा टक, नाही असेल तर दोनदा. मग ती एकटीच बोलायची, कुठल्या खाटेवरची आजी तिला सून समजते, खोलीत किती गार लागतं, असं काहीबाही. पुढे ते फोन रोजचे एक दिवसाआड झाले, मग आठवड्यावर गेले. पाळ्या वाढल्या असतील, असं मी मनाशी धरलं.

चार महिन्यांनी पिंजऱ्याखालच्या कागदावर हिरवी पिसं दिसू लागली. मला वाटलं ऋतू पालटतोय, पिसं झडतायत. मग एका सकाळी बघितलं तर वकील मान खाली घालून स्वतःच्या छातीवरचं पीस चोचीत धरून उपटत होता. सावकाश, जसं आपण उसवलेला धागा ओढतो तसं. पीस टाकलं आणि म्हणाला, "आई, आहेस का?"

शेजारीण म्हणाली, "रोज एक मिरची घाला, रक्त साफ होईल." ही बाई इतकं बोलते की यांनी तिचं नाव रेडिओ ठेवलंय. हे म्हणाले, "मिरची नको, तुम्हीच सकाळी येऊन बसा. त्याला बोलणारं माणूस हवंय." ती बिचारी खरंच येऊन बसली. दोन दिवस तिने त्याला सगळ्या गल्लीची खबर सांगितली. वकील तिच्या खांद्यावरून पलीकडे, मी ओट्यापाशी उभी होते तिकडे बघत राहिला.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर वयस्कर होते. छातीवरचा उघडा, लाल डाग त्यांनी बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, "घरी काही बदल झाला का?"

मी गप्प. सकाळचे दहा वाजले होते.

"बाईंना बोलता येत नाही का?"

"येतं," हे म्हणाले. "दुपारनंतर."

डॉक्टरांनी आधी यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत. म्हणाले, "हे थव्यातले जीव आहेत. सकाळी उठल्याबरोबर एकमेकांना हाका मारतात. सगळे आहेत ना, एवढंच बघायचं असतं. ओ आली नाही की यांना वाटतं, थवा उडून गेला आणि आपण मागे राहिलो. मलम देतो मी, पण याचं औषध माझ्याकडे नाही. याच्या हाकेला ओ कोण देतं?"

घरी आल्यावर दाराशी चप्पल काढताना हे म्हणाले, "मी दिली असती गं, पण तो मला विचारत नाही. तुझं तू ठरव."

मी ठरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायचं. पण त्याच संध्याकाळी लेकीचा यांच्या दुकानात फोन आला. तिला ताप भरला होता. दवाखान्यातल्या कुणाचा तरी लागला असेल, काळजी करू नका म्हणाली. आता सांगा, पोरगी परक्या गावात तापाने फणफणलेली असताना मी तिच्यासाठी धरलेला नेम कसा मोडायचा? एका पोपटासाठी? मी देवापुढे बसले आणि म्हटलं, तिचा ताप उतरू दे, मग बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली तेव्हा पूजेची घंटी पिंजऱ्यापाशी नेऊन वाजवली, ओ म्हणून. वकिलाने ऐकून घेतलं. मग मान वळवली आणि पुन्हा पीस ओढलं.

ताप उतरायला अकरा दिवस लागले.

बाराव्या सकाळी मी दिवा लावला आणि हाकेची वाट बघत पिंजऱ्यासमोर उभी राहिले. आज ओ द्यायची होती. शब्द अगदी ओठांवर होते. घरात कसलाच आवाज नव्हता. वकील दांडीवर नव्हता, खाली कागदावर कोपऱ्यात बसला होता.

"आहे रे," मी म्हटलं. "इथेच आहे मी."

इतक्या महिन्यांत सकाळचा माझा आवाज मीच ऐकला नव्हता. तो घोगरा निघाला. वकिलाने डोळा उघडून बघितलं, आणि मिटला. मी पुन्हा म्हटलं. मग त्याच्यासारखी मीच विचारू लागले, "वकील, आहेस का? अरे, आहेस का?" हे दुकानात गेलेच नाहीत. दोघांनी मिळून त्याला चमच्याने पाणी पाजलं. छातीवरची जखम चिघळली होती. लेक सांगायची तसा मी त्याला तळहातावर घेतला, पाठीवर हात न ठेवता. चार दिवस मी पहाटेपासून बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. पाचव्या दिवशी तळहातावरचं वजन तेवढंच होतं, पण तो नव्हता.

लेकीला मी कळवतो, असं हे म्हणाले. मी म्हटलं, नको, मीच सांगते. सकाळी सातला फोन लावला.

"आई?" ती म्हणाली. "तू बोलतेयस? आत्ता? बाबांना काय झालं?"

"बाबा बरे आहेत. इथेच आहेत." मग मी सगळं सांगितलं. पिसं, डॉक्टर, ताप, अकरा दिवस. काहीच लपवलं नाही. "तो मला बोलावत होता गं. मी ओ दिली नाही."

तिकडून चाकांच्या खाटा ढकलल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "माझ्यासाठी होतं ना ते मौन?"

"हो."

"मला एकदा विचारायचंस तरी, आई." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मी रात्रभर दुसऱ्यांच्या आयांना ओ द्यायचे. सकाळी मला तुझा आवाज हवा असायचा. ते टक टक ऐकून मी खोलीवर जाऊन रडायचे. म्हणून फोन कमी केले. पाळ्याबिळ्या काही वाढल्या नव्हत्या."

मला तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. "आज काय खाल्लंस?" एवढंच विचारलं.

"काही नाही अजून. झोप आलीय, आई. नंतर बोलू."

फोन ठेवला तेव्हा साडेसातही वाजले नव्हते. हे आतल्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. दुपारपर्यंतचा सगळा वेळ बोलायला मोकळा होता, आणि मला एक शब्द सुचत नव्हता.