पाहुण्यांची घंटा

मी विजेची चाहूल घेणारा एक जुना डबा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. सांगताना मान खाली जाते.

उंच डोंगरांतल्या सोंगकोल तळ्याकाठी सायरागुल आजींचा नमद्याचा, म्हणजे लोकर थापून केलेल्या जाड कापडाचा, तंबू आहे. उन्हाळाभर त्यांच्या घोड्या तिथेच चरतात. आजींच्या नातीने, बेगायिमने, मला चहाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. मोडक्या रेडिओतलं तारेचं वेटोळं, एक ट्रान्झिस्टर, एक बझर, एक बॅटरी आणि तंबूबाहेर ताणलेली लांब तार, एवढाच माझा संसार. लांब कुठे वीज चमकली की तिची न दिसणारी लहर तारेत शिरते. वेटोळं ती धरतं, ट्रान्झिस्टर तिला बळ देतो आणि मी ओरडतो. मी ओरडलो की हातातलं टाकून सगळ्यांनी तंबूशेजारच्या ट्रकच्या पत्र्याच्या केबिनमध्ये शिरायचं, तिथे विजेपासून धोका कमी, असं ठरलं होतं.

पण मोटारसायकलच्या ठिणगीतूनही तशीच लहर निघते. पहिल्याच आठवड्यात मी ओरडलो आणि दारात मोटारसायकलवरून पाहुणे उतरले. आजी खूश! "अगं बाई, हा तर पाहुण्यांची वर्दी देतो! ठेव गं चहा!"

"आजी, तो विजेसाठी आहे."

"असू दे की. वीज काय रोज येते? पाहुणे रोज येतात. दारात पाहुणा आणि चूल थंड, शोभतं का आपल्याला?"

तेव्हापासून मी पाहुण्यांची घंटा झालो. लाज वाटते सांगायला, पण मला ते कौतुक फार गोड लागलं.

एका दुपारी बेगायिम टेकडीवर घोडीचं दूध काढत होती; माझा आवाज तिथवर पोचत नव्हता. डोंगरामागून ढग वर आले. मी जीव तोडून ओरडलो. आजींनी लगबगीने दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरला, पाव-लोणी मांडलं आणि चहाच्या वाट्या पुसायला घेतल्या. "आज वरात येतेय की काय! थांबतच नाही मेला!"

तेवढ्यात टेकडीवर वीज कोसळली.

घोडी जागीच मेली. बेगायिम वाचली, पण तिचा डावा कान कायमचा गेला. आजी माझ्यासमोर बसून ढसाढसा रडल्या. "तो सांगत होता गं, आणि मी वाट्या पुसत बसले!" त्यांनी मला चुलीत घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. विजेला आणि पाहुण्याला माझा आवाज एकच होता ना!

मित्रांनो, माझ्यासारखा डबा घरी जरूर बनवा. पण त्याच्या ओरडण्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावू नका.

आता मी ओरडलो की आजी पाहुण्यालासुद्धा दंडाला धरून केबिनमध्ये कोंबतात. "आधी आत बस बाबा, चहा कुठे पळत नाही!" मग माणसं मोजतात.

आणि बेगायिम तंबूत कुठेही बसली, तरी उजवा कान माझ्याकडे करून बसते.