मुलगी चालवून बघताना

होणाऱ्या सासूला शिट्टी वाजवून उठवणाऱ्या मनुष्याला काय म्हणावं, हे मराठी तिसरीपर्यंतच्या पुस्तकात मला कोणी शिकवलं नाही, आणि तिसरीच्या पुढे मला कोणी पाठवलं नाही. शिट्टी तोंडाने मारलेली नव्हे. तेवढा फाजीलपणा त्याच्यात असता तर निदान तरुण तरी वाटला असता. गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी होती, पोलिसाकडे असते तशी.

स्थळ माझ्या धाकट्या दिरांनी आणलं. हरिहरभावोजी. दुपारच्या चहाला आले नि म्हणाले, "वहिनी, स्थळ चालून आलंय. मुलगा गुरुदत्त, आपल्यातलाच. सरकारी कचेरीत नकाशे काढतो. डोंबिवलीला स्वतंत्र घर, आई नि तो, आणि नळ घरात."

नळ घरात म्हटल्यावर मी पुढचं काही ऐकलं नाही. आमच्या नौपाड्यातल्या नळावर पहाटे हंडे लागतात आणि सकाळपर्यंत भांडणं. माझ्या लेकीने तरी हंडा घेऊन उभं राहू नये, एवढी एक इच्छा. नीला पंचविशी ओलांडलेली, शाळेत मास्तरीण. इतके लोक तिला बघून गेले होते की आमच्या पोह्यांची कीर्ती कल्याणपर्यंत पोचली, मुलगी मात्र घरातच होती. हे स्थळ गेलं तर पुढे बिजवर, हे भावोजींनी मला सांगावं लागत नव्हतं.

गुरुदत्त आईला घेऊन आला. पोहे सगळे खाल्ले, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "काकू, पोहे खाऊन पोहे कळतात, मुलगी कळत नाही. मी रविवारी टिटवाळ्याला एक वर्तुळाकार पदभ्रमण ठेवलंय. नदीच्या काठाने जायचं, माळावर चढायचं, निघालो तिथेच परत यायचं. मध्यम प्रतीचं आहे. आपण दोघींनी यावं."

"मध्यम प्रतीचं म्हणजे?"

"सुलभ, मध्यम आणि खडतर. स्त्रिया बरोबर असल्या की मी मध्यम ठेवतो."

म्हशाच्या जत्रेत बैल चालवून बघतात. त्याचे दातही बघतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण भावोजी माझ्याकडे हात जोडल्यासारखे बघत होते. मी नळ आठवला आणि म्हटलं, "येऊ हो, गुरुदत्तराव." भावोजींचा गुडघा मात्र त्याच रात्री दुखायला लागला, तो सोमवारपर्यंत.

शनिवारी मी खाजाचे कानवले केले. कानवला म्हणजे चेष्टा नव्हे. एकावर एक पापुद्रा, तळताना फुलला पाहिजे आणि हातात घेतला की मोडता कामा नये. जावयापुढे ठेवायचा पदार्थ तो. पितळी डबा भरला, पंचात बांधला, आणि पोराला उचलावं तसा कडेवर घेऊन टिटवाळ्याला उतरले.

गुरुदत्त आधीच येऊन उभा होता. गुडघ्यापर्यंत पायमोजे, अर्धी चड्डी, हातात काठी, गळ्यात ती शिट्टी. माझ्या लेकीला बघायला आलेला मनुष्य गुडघे दाखवत उभा, आणि आम्ही डोक्यावर पदर घेतलेला. शेजारी त्याची आई, मंदाकिनीबाई. बारीकशी बाई, पाय सुजलेले, चप्पल अंगठ्यात कशीबशी अडकवलेली.

"आधी गणपतीचं दर्शन घेऊ," मी म्हटलं. "लग्नं जुळवणारा देव आहे."

"देऊळ आपल्या वर्तुळात येत नाही, काकू."

"मग वर्तुळ थोडं वाकवा."

"वाकलं की ते वर्तुळ राहत नाही."

देवाच्या गावात उतरून देवाला पाठ दाखवली. मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि त्याला सांगितलं की आमचा नाइलाज आहे, नळ घरात आहे.

एकदा शिट्टी म्हणजे निघायचं. दोनदा म्हणजे थांबायचं. चालताना बोलायचं नाही, दम जातो. बोलल्याने कोणाचा दम गेलेला मी तरी पाहिला नाही, न बोलल्याने मात्र माझा जातो. काळू नदीच्या काठाने आम्ही चौघं मुक्याने चाललो, मयताला निघाल्यासारखे. नदी छान होती. पाणी खडकांमधून खळखळत होतं, पलीकडे बगळे उभे होते. म्हटलं, एवढ्या जणांत निदान नदी तरी बोलतेय.

पुढे एक ओढा नदीला मिळतो. तिथे दोन शिट्ट्या झाल्या. गुरुदत्त आधी पलीकडे गेला आणि वळून नीलाकडे बघत उभा राहिला. हात द्यायचं नाव नाही. नीलाने निऱ्या खोचल्या, चपला हातात घेतल्या आणि दगडांवरून सरळ पलीकडे गेली.

"ठीक," तो म्हणाला. "तोल मध्यम आहे."

मी माझ्या नऊवारीत त्याच दगडांवरून कडेवर डबा घेऊन गेले. माझी प्रत त्याने सांगितली नाही. मागे मंदाकिनीबाई काठावरच उभ्या होत्या. मुलगा पुढची वाट बघण्यात गुंतलेला. शेवटी नीलाच परत पाण्यात उतरली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली.

"त्यांना सवय आहे," गुरुदत्त म्हणाला. "मदत केली की सवय मोडते."

ओढ्याच्या घळीतून वर चढलो आणि माळ लागला. उघडाबोडका, पिवळ्या गवताचा, मध्ये मध्ये करवंदीच्या जाळ्या. वारा असा की पदर डोक्यावर राहीना. कुसळं लुगड्यात घुसून पोटऱ्यांना टोचत होती. खाली बघते तर आमचं स्टेशन. समोर, स्वच्छ, सिग्नलचा खांबसुद्धा दिसतोय.

"अहो, स्टेशन तर हे राहिलं. मग एवढं फिरलो कशाला?"

"वर्तुळ, काकू. परत येण्यासाठीच जायचं असतं."

"प्रदक्षिणेलासुद्धा परत तिथेच यायचं असतं. पण मध्ये देव असतो. तुमच्या वर्तुळाच्या मध्ये कोण असतं?"

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

तिथे एक बाभळीचं झाड होतं. मंदाकिनीबाई त्याच्या सावलीला बसल्या. मीही बसले, आणि आता कानवल्यांची वेळ झाली असं समजून डबा उघडला. सगळे अख्खे. एकाचाही पापुद्रा मोडला नव्हता. मी पहिला जावयापुढे धरला.

"फिरताना गोड वर्ज्य," तो म्हणाला आणि खिशातून फुटाणे काढले.

तो पहिला कानवला तसाच माझ्या हातात राहिला. मंदाकिनीबाई त्याच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या हातावर ठेवला. बाईने एक घास घेतला, डोळे मिटले, आणि पुटपुटल्या, "माझी आई करायची." दुसरा घास तोंडाशी गेला आणि शिट्टी वाजली. एकदा.

मी उठले. आता लाज वाटते सांगायला, पण उठले. मंदाकिनीबाई तर शिट्टी संपायच्या आत उभ्या. कानवला लपवल्यासारखा पदराखाली घेतलेला, घास गालात तसाच, चप्पल एकाच पायात. आमच्या घरात मी हाक मारली की सगळे उठतात, पण तेसुद्धा आधी घास गिळतात.

नीला तेवढी उठली नाही. उठली तर नाहीच, मंदाकिनीबाईंच्या पदराला धरून तिने त्यांना परत खाली बसवलं. शिट्टी पुन्हा वाजली, जरा लांब.

"शिट्टी ड्रिलच्या तासाला वाजवतात," नीला म्हणाली. "डब्याच्या सुट्टीत नाही. माई, तुम्ही सावकाश खा."

"वेळापत्रक बिघडतंय," गुरुदत्त म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. स्टेशन दिसतंय, आम्ही चुकणार नाही."

तो पुढे झाला नाही. काठी टेकून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मंदाकिनीबाईंनी तो कानवला संपवला, मग दुसरा खाल्ला, आणि तेवढ्या वेळात तीनदा पोराकडे बघितलं. मी नीलाजवळ सरकले.

"काय गं?" मी हळूच विचारलं.

"चालायला काही नाही, आई. चालेन मी कितीही. थांबायला परवानगी मागणं मला जमायचं नाही."

"नळ घरात आहे."

"मग तूच कर लग्न," ती म्हणाली, आणि मंदाकिनीबाईंच्या लुगड्यातली कुसळं वेचायला लागली.

आम्ही माळ उतरायला लागलो. एका डोळ्यापुढे नळ होता, धो धो वाहणारा. दुसऱ्या डोळ्यापुढे माझी नीला त्याच नळाखाली हंडा लावून उभी, आणि मागे शिट्टी. पुढे बिजवर येईल, कदाचित कोणीच येणार नाही. लोक मला विचारतील, भावोजी तर वर्षभर विचारतील. स्टेशनाच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं, हे खरं.

फाटकाशी गुरुदत्तने दोनदा शिट्टी वाजवली, रुमालाने ती पुसली आणि आमच्यासमोर उभा राहिला.

"काकू, स्पष्ट सांगतो. चाल मध्यम, तोल मध्यम, वर्णही मध्यम. शिस्त मात्र कमी आहे. पण माझी हरकत नाही. मुलगी पसंत आहे. वर्षभरात मी तिला तयार करून घेईन. आईलाही मीच तयार केलंय."

मंदाकिनीबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या ओठाला कानवल्याचा पापुद्रा चिकटलेला होता, तो त्यांनी घाईने पुसला.

मी उरलेल्या कानवल्यांचा डबा पंचासकट त्या बाईंच्या हातात दिला. मग त्याच्याकडे वळले. जावई होणार नाही म्हटल्यावर अहोजाहो कशाला वाया घालवायचं?

"गुरुदत्ता, बाळ, आमची मुलगी मध्यम आहे हे मला कबूल. पण तिला शिट्टी ऐकू येत नाही. जिला ऐकू येते ती बाई तुझ्या घरात आधीच आहे, तिला दोन घास बसून खाऊ दे. एवढं जमलं तर तू सुलभ. आज तू आम्हाला पसंत नाहीस."