चहाच्या कपातला चोर

लाँड्रीच्या ऑफिसात मुंगी शिरायला जागा नव्हती. कपडे धुणाऱ्या बायका, गाडीवाला, शेजारचा न्हावी, सगळे माना उंचावून एकाच हाताकडे बघत होते. तो हात होता इस्त्रीवालीचा. तळव्यावरचा चांदीसारखा चकचकीत खडा वितळून तिच्या बोटांमधून ओघळत होता.

"पाघळला!" चोर शोधायला बोलावलेले सत्यबाबा गरजले. "सात जणींच्या हातात दगड, हिच्या हातात पाणी! आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? मालकीणबाईंची साखळी हिनेच घेतली!"

मालकांनी मान डोलावली. बाबा दारात आले तेव्हाच ते स्वतः पाघळले होते.

निरोप मिळताच इस्त्रीवालीची नणंद शाळेतून धावत आली होती. ती विज्ञान शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. वहिनीचा तळवा करडा पडला होता.

"बघा, पाप उमटलं!" बाबा म्हणाले.

मालकांनी कागद पुढे सरकवला. "कबूल करून सही कर. पोलिसांत देत नाही. पण उद्यापासून कामावर यायचं नाही."

"वन्सं, मी नाही हो घेतली," वहिनी रडवेली झाली. "पण माझ्याच हातात कसा वितळला? माझ्या हातालाच काही झालं असेल का?" आणि तिने पेन उचललं.

निरपराध वहिनी स्वतःवरच संशय घेऊ लागली होती. साध्या हवेत पातळ असणारा धातू म्हणजे पारा, हे तर पोरंही सांगतात. पण गॅलियम नावाचा एक धातू तीस अंशांच्या जरा अलीकडेच वितळतो. हा तोच असेल? तो त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता. अंदाज चुकला तर वहिनीच्या गळ्यातला फास त्याच आवळणार होत्या.

"थांब वहिनी. " बाईंनी बाबांसमोरच्या डबीकडे बोट दाखवलं. "बाबा, खड्यांची ही डबी बर्फात कशाला?"

"सत्य शीतल असतं, बाळ."

"अस्सं! आधीच्या सात जणी कुठून आल्या होत्या?"

"हौदावरून," एक धुणारी म्हणाली. "गार पाण्याने हात बधिर झाले होते. आणि बाबांनी दहा मोजून खडा काढूनही घेतला."

"आणि वहिनी?"

"ती इस्त्री सोडून आली. तिच्या वेळी बाबांचा मंत्र संपता संपेना."

"परीक्षा घेऊ नका!" बाबांनी डबीवर झडप घातली. "धातू कोपेल!"

"कोपू दे." बाईंनी चमच्याने एक खडा उचलला आणि बाबांच्याच वाफाळत्या चहात टाकला. एक, दोन, तीन... चमच्याला कडक खडा लागला. सहा, सात... आता चमच्याला काहीच लागेना. त्यांनी चहा बशीत ओतला. कपाच्या तळाशी चांदीचा थेंब डुचमळत होता.

"बाबा, तुमचा चहा चोर निघाला की हो! घ्या त्याची सही!"

आधी न्हावी हसला, मग सगळं ऑफिस. बाबांनी काढता पाय घेतला, पण दार गाडीवाल्याने अडवलं होतं.

"हा धातू नुसत्या उबेने वितळतो," बाई म्हणाल्या. "गार हातात दहा आकडे टिकतो, गरम हातात टिकत नाही. तळव्यावरचा करडा डागही त्याचाच, साबणाने जाईल. पापपुण्याशी त्याचं काय घेणं?"

"मग साखळी कुणी घेतली?" मालकांनी विचारलं.

"मला माहीत नाही. धातूलाही नाही. शोधा, चौकशी करा, तक्रार द्या. त्याला कष्ट पडतात, म्हणून तर बाबा स्वस्त वाटतात. पण माणसावर आळ घ्यायचा तर पुरावा हवा, चमत्कार नाही."

मालकांनी कागद फाडला आणि ते खाली बघत पुटपुटले, "चूक झाली. जा, कामाला लाग."

वहिनी जागची हलली नाही. तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"सगळ्यांदेखत चोर ठरवलंत मालक. हेही मोठ्याने म्हणा."