परत आलेलं रुखवत

दानम्मा लातूरच्या गाडीतून अहमदपूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिच्या पायांत त्राण म्हणून उरलं नव्हतं. हातात एक कापडी पिशवी. पिशवीत लोकर, दुसरं काही नाही, तरी ती या हातातून त्या हातात घेता घेता बाई बेजार झाली होती.

लातूरला व्याह्यांच्या घरी जायची ही कितवी खेप, तिचं तिलाच आठवत नव्हतं. लेक मंजुश्री माहेरी येऊन तिसरं वर्ष चाललं होतं. जावई शिवप्रसाद हात उचलायचा. रागाच्या भरात एकदा झालं असंही नाही, नेहमीचंच. दानम्माला ते पक्कं ठाऊक होतं. लेकीच्या कानामागची जखम तिनंच हळद दाबून बरी केली होती. तरी ती जायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "नांदवा हो माझ्या लेकीला." का, तर लोक काय म्हणतील! नवरा बसवंत वारल्यापासून तर तिनं हा एकच ध्यास घेतला होता. आता या बाईला काय म्हणावं? लोक काही तिच्या घरी भाकरी थापायला येत नव्हते.

आणि घरात ती ट्रंक. मायलेकींनी मिळून लोकरीचं रुखवत विणलं होतं. त्यातलं चांगलं तेवढं लग्नात मांडलं, मग लातूरला गेलं. फसलेलं सगळं घरी राहिलं: कडा वर वळलेली आसनं, एका बाजूनं लोंबणारं लाल तोरण, लोकरीचे अर्धवट गुंडे, आणि एक हिरवा राघू. त्या राघूला बघून मंजुश्री तेव्हा पोट धरून हसली होती. "अव्वा, ह्यो राघू हाय का कोंबडी?" दानम्मानं हे सारं डांबरगोळ्या घालून ठेवलं होतं. लेक नांदायला गेली की नीट करून देऊ म्हणायची. मंजुश्रीनं एकदा उसवायला घेतलं, तर हातातून हिसकावून घेतलं. रुखवत उसवणं अभद्र असतं म्हणे. कुणी सांगितलं? कुणी नाही. तिनंच ठरवलेलं.

आज लातुरात विहीणबाईंनी तिला आत घेतलं नाही. दानम्मा हात जोडून "शरणार्थ" म्हणाली, त्यावर नुसती मान हलली. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं आला नाही. दारावरचं रुखवतातलं तोरण काढलेलं होतं, खिळे तेवढे राहिले होते. विहीणबाईंनी आतून ही पिशवी आणून तिच्या हातात दिली.

"हे तुमचं. आता पुन्हा येऊ नका."

"पोरीचं काही चुकलं असंल तर पदरात घ्या..."

दार लागलं.

गाडीत खिडकीला डोकं टेकून दानम्मा सारा रस्ता एकच विचार करत होती. पोरीला कसं सांगावं? ऐकून ती पार खचून जाईल. सांगूच नये. पिशवी गुपचूप माळ्यावर टाकावी आणि म्हणावं, पुढच्या महिन्यात बोलावलंय. खोटं तर खोटं. उन्हातून गल्ली चढताना तिनं तेच पक्कं केलं.

घराच्या उंबऱ्याशी आली आणि थबकली. दारात एक नवं पायपुसणं अंथरलेलं होतं. गोल, जाडजूड, लाल-हिरवं. तो हिरवा रंग तिनं शंभरांत ओळखला असता. कोंबडीसारख्या राघूचा हिरवा! आणि लाल त्या लोंबत्या तोरणाचा.

"मंजे! हे काय गं?"

मंजुश्री आतून क्रोशाची सुई हातात घेऊनच आली. "पायपुसणं हाय, अव्वा."

"ट्रंक उघडलीस? उसवलंस समदं?"

"हाव. तीन-तीन पदर एका जागी घेऊन विणलं. पटकन झालं."

"अगं, रुखवताचं पायपुसणं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू दे." मंजुश्रीनं आईच्या हाताकडं बघितलं. "दिली का त्यांनी पिशवी?"

दानम्मानं पिशवी पाठीमागं घेतली. "तुला... तुला कसं ठाऊक?"

"मीच फोन केला होता. म्हणलं, अव्वा येऊन राहिली, तिच्यापाशी माझं रुखवत देऊन टाका. मला नांदायचं न्हाई."

"मला का न्हाई सांगितलंस गं?"

"सांगितलं की. दर खेपंला सांगून राहिले." मंजुश्रीचा आवाज चढला नाही, तिलाही आता चढवायचा कंटाळा आला होता. "मी बोलत असायची अन् तू चपला घालत असायचीस."

दानम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. खरं होतं ते. ज्या घरानं लेकीला मारलं त्या घरापुढं आपण पदर पसरत फिरलो, आणि लेक इथं सांगून सांगून वाट बघत बसली. तिला स्वतःची लाज वाटली. रडूही आलं. आणि त्या रडण्यात हायसंही वाटलं, हे नवलच. आता जायचं नाही. पुन्हा त्या दारात उभं राहायचं नाही.

"लई दमले गं मी, मंजे."

"मग ये की आत. चहा टाकते."

दानम्मानं चपला काढल्या. घोट्यापर्यंत धूळ बसली होती, लातूरच्या स्टँडची, व्याह्यांच्या गल्लीची. एरवी ती हौदावर जाऊन पाय धुऊन आली असती. तिनं पायपुसण्यावर एक पाय टेकवला. लोकर मऊ लागली. मग टाच पुसली, बोटं पुसली, दुसरा पाय पुसला, आणि पुन्हा पहिला. लाल तोरण मातकट झालं तरी ती पुसतच राहिली.

मग आत येऊन तिनं पिशवी लेकीच्या हातात दिली.

"घे, उसव. मागच्या दारालाबी एक लागंल."