वर सरकलेला निरोप

मित्रांनो, माझं वय माझ्या बॅटरीला विचारा. सकाळी ती शंभरावर असते आणि दुपारच्या भाकरीपर्यंत तिला धाप लागते. मी वजीर शेख यांचा मोबाईल आहे, चांगला जुना, पाठीला घासून गुळगुळीत झालेला. पण ऐकायला मला अजून नीट येतं, आणि पाहिलेलं मी विसरत नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात बॅटरी बसवली आणि मला खोक्यात निजवलं. जाग आली ती दौंडला, स्टेशनजवळच्या एका दुकानात. समोर एक मुलगी उभी होती. कुरकुंभच्या औषध कंपनीतली पाळी संपवून ती थेट आली होती. "अब्बा रिटायर होतायत. जरा मोठ्या अक्षरांचा द्या," ती दुकानदाराला म्हणाली. अक्षरं मोठी होतील म्हणून माझी निवड झाली, रूपावर नाही!

तिचे अब्बा, म्हणजे गावाचे वजीरमामा, दौंड जंक्शनात पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर न्यायची ते सांधे बदलून ठरवणारा हा माणूस. नोकरी संपल्यावर ते फरहतमामींना घेऊन गावी राहायला आले. गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. पूल ओलांडला की दौंड तालुका. रेल्वे सुटली तरी रेल्वेची चौकशी सुटली नाही. कुणाला सोलापूरला जायचं असो, कुणाला पुण्याला, लोक मामांच्या ओट्यावर येत आणि मामा मला खिशातून काढत. "थांब, गाडी कवा हाय ते आमच्या साहेबाला इचारतो," असं म्हणत. साहेब म्हणजे मी. त्या दिवसांत माझी छाती नुसती फुगून असायची.

पुढे कुणीतरी मामांना गावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. 'आपला कट्टा' त्याचं नाव. तिथं कांद्याचे भाव येत, लग्नाच्या पत्रिका येत, हरवलेल्या शेळीचा फोटो येई. आणि मधूनमधून भांडणं येत. भांडणाला मामांचा जोडीदार ठरलेला होता. बाळासो. वयानं मामांच्या लेकासारखा, शिरूर रस्त्याला सिमेंट आणि सळईचं दुकान. माणूस मनाचा मोकळा, पण अंगठा फार जलद.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

गावाबाहेर मळ्यात रोहन नावाच्या जवानाचं घर बांधायला काढलं होतं. रोहन भरतीला निघाला होता तेव्हा त्याला दौंडला गाडीत जागा करून देणारे, डब्यात दशम्या ठेवणारे वजीरमामाच. मे महिन्यात तो सुट्टीवर आला आणि त्यानं स्लॅब टाकून घेतला. नव्या स्लॅबला दोन आठवडे सारखं पाणी द्यावं लागतं, नाहीतर तो उन्हानं भाजतो आणि चिरतो. रोहन ते स्वतः करणार होता. पण दुसऱ्याच दिवशी सीमेवर तणाव वाढला, सुट्ट्या रद्द झाल्या. त्यानं बॅग भरली आणि तो गेला. घरी राहिली त्याची बायको हर्षदा, सातवा महिना लागलेली, आणि त्याची आई रंगुबाई, गुडघ्यांनी जेरीला आलेली.

बातमी ग्रुपवर आली आणि कट्टा पेटला.

बाळासोनं लिहिलं, "जवानांसाठी वर्गणी काढू. चौकात फलक लावू. मी माझी देणगी पाठवली, ही पावती." पावतीचा फोटो त्यानं तीनदा टाकला.

मामांनी एका बोटानं, दम खात उत्तर दिलं. "जवान काय भिकारी हाय का वर्गणी काढायला? आपण कर भरतो तो कशासाठी? त्याचे बूट, त्याचा पगार, त्याच्या मागं घरच्यांची सोय, हे सगळं करातनं झालं पायजे. हक्कानं."

"कर भरणारे गावात आमच्यासारखे चौघं. बाकीचे नुसते सल्ला देणार," बाळासो.

यावर गौतमीनं तोंड घातलं. गौतमी गावची आशा ताई, गरोदर बायांची आणि लसींची काळजी वाहणारी. ती फार लिहीत नाही. "बाळासोभाऊ, काडेपेटीवर कर हाय, साबणावर हाय, ह्या फोनच्या रिचार्जवर बी हाय. गावात कर न भरणारं माणूस दाखवा, मी त्याचा सत्कार करते."

लोक हसले. पण भांडण थांबलं नाही. कुणी करावर घसरलं, कुणी दानावर, कुणी कुठलातरी जुना व्हिडिओ आजचा म्हणून टाकला. तीन दिवस मी तापलेल्या तव्यासारखा झालो होतो. मामा जेवताना लिहीत, चहा निवला तरी लिहीत.

त्या गदारोळात, मित्रांनो, तिसऱ्या दिवशी सकाळी एक निरोप आला. हर्षदाचा. ती ग्रुपमध्ये होती हेसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. सोबत कोरड्या, पांढुरक्या पडलेल्या स्लॅबचा फोटो होता. "मोटर जळाली आहे. स्लॅबला पाणी मारायला कुणी येईल का? मला शिडी चढवत नाही."

मी तो निरोप पाहिला. माझ्याच काचेवर तो उमटला होता. पण त्याच्या मागोमाग बाळासोचा लांबलचक मजकूर आला, मग तिघांचे अंगठे, मग दोघांच्या शिव्या. मामा बाळासोला गाठायच्या घाईत होते. त्यांच्या अंगठ्यानं हर्षदाचा निरोप वर सारला आणि तो दिसेनासा झाला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मोबाईलला सगळ्यांचं बोलणं पोचवता येतं, स्वतःचं एक अक्षर पोचवता येत नाही.

दुपारी बाळासोनं मामांना उद्देशून एक वाक्य लिहिलं. "तुम्हा लोकांना जवानांचं काय पडलंय?"

'तुम्हा लोकांना.' मामांनी ते दोनदा वाचलं. गौतमीनं लगेच लिहिलं होतं, "बाळासोभाऊ, हे शब्द मागं घ्या." पण मामांनी ते पाहिलंच नाही. त्यांनी मला बंद केलं, आत नेलं आणि गव्हाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं.

"काय झालं?" फरहतमामींनी विचारलं.

"काय न्हाई. रिटायर झालो, आज खरा झालो," मामा म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

डब्यात काय वाटलं ते कसं सांगू? गहू मऊ असतो, अंधार थंड असतो, कुणी त्रास देत नाही. पण ज्याला आवाज ऐकायची सवय, त्याला ती शांतता खायला उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. दळणाला गहू काढता काढता फरहतमामींच्या मुठीत मी आलो.

मामींचं मराठी वाचन संथ. शाळा चौथीपर्यंत झालेली, त्यामुळे त्या वरवर चाळत नाहीत. अक्षराखाली बोट धरतात. नवऱ्याला एवढं काय लागलं ते बघायचं म्हणून त्यांनी मला चालू केलं आणि तीन दिवसांचं भांडण पहिल्यापासून, एकेक ओळ, वाचून काढलं. पीठ दळायचं राहिलं. चूल विझली. बाळासोचं ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी ओठ आवळले. पण त्याच्या आधीच, एका जागी, त्यांचं बोट थांबलं होतं. त्या मला घेऊन ओट्यावर गेल्या.

"अहो, ही हर्षदा पाणी मागतीय. कुणी गेलं व्हतं का?"

"कधी मागितलं?"

"काल सकाळी. हे बघा. आन् त्याच्या खाली हे तुमचंच."

मामांनी पाहिलं. हर्षदाच्या ओळीखाली, बाळासोच्या मजकुराला उत्तर म्हणून, त्यांचीच ओळ होती, पुन्हा तीच, 'घरच्यांची सोय हक्कानं झाली पायजे' अशी. त्यांनी मला हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "माझ्या हातानं गेलं हे. सांधा मीच चुकवला."

"मग उठा की. बाळासोचा राग स्लॅबवर कशाला?"

मामा उठले. शेजाऱ्याचं पाणी उपसायचं छोटं इंजिन आणि लांब पाइप सायकलला बांधला आणि मळ्यात गेले. मी खिशात होतो. जायच्या आधी मामींनी मला तोंडाजवळ धरलं आणि जन्मात पहिल्यांदा ग्रुपवर आवाज पाठवला. "म्या फरहत बोलती. चार दिस झाले देशासाठी भांडताय. देशासाठी जो गेला त्याच्या घरावर थेंबभर पाणी न्हाई. पोटुशी पोर शिडीखाली उभी हाय. ज्याला हात हायत त्यानं यावं. ज्याला नुसतं अंगठं हायत त्यानं घरी ऱ्हावं."

मळ्यात पोचलो तेव्हा हर्षदा खरोखरच शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती, काखेत कळशी. गौतमी मामींचा आवाज ऐकून आमच्या आधी पोचली होती आणि तिचा पदर धरून ओढत होती. "उतर आधी! तुझं काम खाली हाय, पोटातल्याला सांभाळायचं."

"एकदा मागितलं होतं, ताई," हर्षदा म्हणाली. "परत मागायची लाज वाटली."

मामांनी मान खाली घातली. मग तिच्या हातून कळशी घेतली, विहिरीवर इंजिन लावलं आणि पाइप घेऊन शिडी चढले. वर स्लॅब भाकरीच्या तव्यासारखा तापलेला. दोन ठिकाणी केसासारख्या बारीक चिरा. मामांनी पाइप सोडला. पाणी पडलं तसा स्लॅब चुर्र वाजला आणि त्यानं सगळं पिऊन टाकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा प्यायला.

तेवढ्यात खाली टँकर वाजला. बाळासो उतरला, डोक्यावर गोणपाटांचा गठ्ठा. ह्या स्लॅबचं सिमेंट त्याच्याच दुकानातलं होतं. पाणी न मिळाल्यावर काय होतं ते गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो शिडी चढला आणि मामांसमोर उभा राहिला. घाम पुसायचं निमित्त करून त्यानं डोळे पुसले.

"मामा, मी जे लिहिलं..."

"तोंडावर बोलला असतास का?"

"न्हाई, मामा. जीभ झडली असती."

"मग लिहिलंस कसं?"

खालून गौतमी ओरडली, "भाऊ, चारचौघांत लिहिलंय, माफी बी चारचौघांतच मागायची!"

तिथंच उभ्या उभ्या त्यानं लिहिलं. मला ते लगेच मिळालं. "मी वजीरमामांना जे बोललो ते नीच बोललो. रोहनला भरतीच्या गाडीत बसवायला मी नव्हतो, मामा होते. हात जोडून माफी." मामांनी ते वाचलं, मला खिशात ठेवलं आणि पाइपचं दुसरं टोक बाळासोच्या हातात दिलं. "धर. त्या कोपऱ्याला पाणी पोचत न्हाई."

दोघांनी मिळून स्लॅबच्या कडेनं मातीचे बांध घातले, आत पाणी तुंबवलं, चिरांवर ओली गोणपाटं अंथरली. पुढचे दिवस गावानं पाळ्या लावल्या. मजा म्हणजे भांडण काही संपलं नाही. मामा आणि बाळासो रोज सकाळी स्लॅबवर पाणी मारताना कर आणि दान यांवर तावातावानं बोलत. पण समोरासमोर बोलताना एक फरक पडला. मध्येच चहा येई, मध्येच एकजण दुसऱ्याचं खरं आहे असं म्हणून टाकी. "फलकाचा खर्च उगीचच व्हता, मामा," बाळासो एकदा म्हणाला. "आन् तुझा टँकर सरकारी कागदाची वाट बघत बसला असता तर स्लॅब गेला असता," मामा म्हणाले. माझ्या काचेवर असं वाक्य मी कधी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी रोहनचा व्हिडिओ कॉल आला. आवाज तुटत होता, वेळ थोडा होता. मामांनी मला उंच धरलं आणि गोल फिरवलं. पाण्यानं भरलेला स्लॅब, त्यात आभाळ, त्यात चार चिमण्या, आणि लुंगी गुंडाळलेला बाळासो.

"मामा, हे माझंच घर हाय का?" रोहन म्हणाला.

"तू तिकडं ध्यान दे," मामा म्हणाले. "हिकडं पाणी हाय."

तणाव निवळला. काही आठवड्यांनी गवंडी कोंडिबा आला, त्यानं खालच्या फळ्या आणि टेकू काढले, हातोडीनं स्लॅब ठोकून पाहिला. "वाजतोय खणखणीत," तो म्हणाला. "वरच्या चिरा मी सिमेंटनं घोटतो. घराला धोका न्हाई."

पहिल्यांदा त्या सावलीत जाऊन बसल्या रंगुबाई, पाय पसरून. शेजारी हर्षदा. आणि दारातच मामा आणि बाळासो यांचं पुन्हा सुरू झालं, कर असा आणि कर तसा.

रंगुबाई वैतागल्या. "तवाधरनं ऐकतीय, कर, कर, कर! कर म्हंजी करायचं, एवढंच मला कळतं. केलंत की तुम्ही. आता बसा खाली, चहा घ्या."

दोघे हसत खाली बसले.

मित्रांनो, आता माझी एक विनंती. मला पडू देऊ नका, भिजवू नका, हे तर सगळेच मोबाईल सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. रागानं उत्तर लिहायला अंगठा उचलाल तेव्हा क्षणभर थांबा आणि फरहतमामींसारखं बोट धरून वाचा. तुमच्या भांडणाखाली कुणाचं तरी एक साधं मागणं दडपलं गेलं असेल. ते आम्हाला दिसतं, पण उठून जाता येत नाही. पाय तुम्हाला आहेत.