वीस खेपांची झारी

मी एक जुनी, बुटकी, पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, हसू नका. हसणारे मी पुष्कळ पाहिलेत. माझ्यात जेमतेम तीन तांबे पाणी मावतं, कारण मला घडवणाऱ्या कारागिराकडे पत्राच तेवढा उरला होता. सांध्यांना डाख मात्र त्याने पक्का दिला. आजवर माझ्यातून थेंबही गळलेला नाही.

सार्वजनिक बागेतल्या माळीणमावशी मला कोवळ्या रोपांसाठी वापरायच्या. "ही जपून पाजते," असं त्या कौतुकाने म्हणत. पुढे प्लॅस्टिकच्या मोठ्या झाऱ्या आल्या आणि मी अवजारांच्या खोलीत खुरप्यांमागे जाऊन पडले. पोटात कोळ्याने संसार थाटला. कामाची सवय असलेल्याला रिकामं बसणं किती जड जातं, ते मला तिथे कळलं.

एका सकाळी पोस्टात काम करणारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको गेल्यापासून आठ महिने त्यांनी मशीनवरचं फडकं काढलं नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चुकवू नका आणि रोज तासभर झाडांत घालवा. मुलीने मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, "घरातल्या सगळ्या कात्र्या मी कपाटात कुलूप लावून ठेवल्यात. फार भीती वाटते हो."

मावशींनी मला धुऊन मास्तरांच्या हातात दिलं.

"मोठी द्या ना," मुलगी म्हणाली.

"हीच बरी. नळ त्या टोकाला, वाफा या टोकाला. वीस खेपा होतील."

पहिले काही दिवस मास्तर पाय ओढत चालले. मग एकदा वाफ्याशी वाकले, रोपाला बोट लावलं आणि पुटपुटले, "कालच्यापेक्षा अर्धं पेर जास्त." शेवटी शिंपीच ते! रोज मापं घेऊ लागले. पाखरं आली की मान वर करू लागले. रात्री झोपही लागते, असं मुलगी सांगत होती. मला तर धन्य वाटलं.

पण मायेपोटी माणूस चुकतो. वडिलांचे पाय दुखतात म्हणून मुलीने लांबलचक रबरी पाइप आणला. नळ सोडला की पाच मिनिटांत वाफा ओला. चौथ्या दिवसापासून मास्तर आलेच नाहीत. मी पुन्हा खुरप्यांमागे.

आठवड्याने मुलगी एकटीच आली. "मावशी, बाबा परत भिंतीकडे तोंड करून झोपतात. माझं काय चुकलं?"

"मायाच केलीस गं. पण पाणी रोपांना हवं होतं, आणि खेपा त्यांना."

 मुलीने मला उचलून घरी नेलं आणि वडिलांच्या उशाशी ठेवलं. "बाबा, आठ दिवसांची मापं राहिलीत." ते माझ्याकडे वळले. मग उठून चपला शोधू लागले.

पुढे महिनाभर गोळ्याही चुकल्या नाहीत आणि खेपाही. एका संध्याकाळी मला घरी आणून मास्तर म्हणाले, "हिची मूठ हाताला रुतते. कापड शिवून बसवतो. कात्री दे."

मुलगी जागच्या जागी उभी राहिली. तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं आणि कपाटाचं कुलूप उघडलं. काम संपेपर्यंत ती त्यांच्यासमोर बसून होती. मास्तरांनी निळं कापड बेतलं, मशीनवरचं फडकं काढलं, सुईत दोरा ओवला. मुलगी पदराने डोळे पुसत होती आणि ते म्हणाले, "रडतेस काय, दिवा जवळ आण."

मित्रांनो, मी काही डॉक्टर नाही. पण तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलेलं असेल, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्या आणि मग हात धरून झाडांत न्या. त्याच्या हातात एखादं काम द्या आणि ते काढून घेण्याची घाई करू नका. झारी छोटी असली तरी चालेल.

माझ्या मुठीवरचं निळं कापड आता विटलंय, पण टाका एकही उसवलेला नाही. आणि त्या कपाटाला आता कुलूप नसतं.