अकरा वेळा कोणी नाही

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मागे चादरींची गाठोडी एकमेकांवर आदळली.

"पाहिलंस? कोकलली सासूबाई!" त्याने काचेखालच्या लाल दिव्याकडे बोट केलं. "समोर चिटपाखरू नाही."

शेजारी त्याचा भाचा बसला होता, गॅरेजातला मिस्त्री. माणूस आडवा आला की वाजणारं हे यंत्र दवाखान्याच्या धुण्याच्या गाडीत त्यानेच महिन्यापूर्वी बसवलं होतं. तेच काढायला मामाने आज त्याला बोलावलं होतं. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आणि हा एवढासा डबा शहाणपण शिकवणार!

भाचा डावीकडे बघत राहिला.

"तार कापतोस ना?"

"मामा, आधी वही द्या."

तक्रार लिहून आणायची, हा गॅरेजचा नियम. मामाने ती इमानेइतबारे लिहिली होती. तारीख, जागा, दिवा कुठल्या बाजूचा पेटला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच : कोणी नाही. भाच्याचं बोट अकरा ओळी उतरून थांबलं.

"सगळ्या ओळी डावीकडच्याच आहेत, मामा."

"मग त्या बाजूची तार बिघडली असेल."

भाच्याने काच खाली केली. "आजी, जा तुम्ही. सावकाश."

"कोणाशी बोलतोस रे?" मामा हसला. तेवढ्यात गाडीच्या नाकासमोर, जणू हवेतून, एक म्हातारी निघाली. अंगात दवाखान्याचा फिका झगा, हातात काठी. तोल सावरायला तिने बॉनेटवर तळवा टेकला आणि पलीकडे गेली.

मामाने ब्रेक आणखी दाबून धरला.

"समोरच बघा," भाचा हळूच म्हणाला. "मान वळवू नका. किती बोटं?"

"कुठली बोटं?"

भाच्याने मामाच्या डाव्या बाजूला वर धरलेला हात खाली घेतला.

इंजिन बंद झालं. मामाने वही ओढून घेतली. शाळेचं फाटक, कोणी नाही. दवाखान्याच्या तपासणी विभागाचं दार, कोणी नाही. बागेचा कोपरा. पुन्हा फाटक, सकाळी, घंटेच्या वेळी. तो एकेक ओळ ओठ हलवत वाचत गेला. फाटकापाशी दोनदा थांबला.

मग त्याने किल्ली काढून भाच्याच्या मांडीवर ठेवली आणि पेन उघडलं. बारावी ओळ. तारीख लिहिली, जागा लिहिली, डावीकडे असं लिहिलं. पुढे पेन सरकेना.

"जा, पळ," तो म्हणाला. "तिचं नाव विचारून ये."